मागच्या पायऱ्यांना कठडा नाही

घर पाहावं बांधून, म्हणतात. मी नुसतं पाहतो.
फीत धरून, शिडीवर चढून, माळ्यात विजेरी मारून पाहतो
आणि शेवटी एक आकडा लिहितो.

लॉटन, ओक्लाहोमा. मे महिना.
चोपन्न सालचं घर, झोपायच्या खोल्या दोन,
विटांचं वरवरचं कातडं,
मागच्या दाराशी कुत्र्याचं भांडं. कुत्रा नाही.

फौजेतून परतलेल्यांच्या कर्जाला सरकार जामीन राहतं,
म्हणून सरकारला घर लागतं तीन विशेषणांचं:
सुरक्षित, भक्कम, स्वच्छ.
वळचणीला रंगाचे पोपडे. लिहिलं.
बंबाच्या झडपेला नळी नाही. लिहिलं.
मागे पायऱ्या चार, कठडा नाही.
तेही लिहिलं.

मार्सेला वॉक्वा माझ्या डावीकडून चालत होती.
"डाव्या कानाशी बोलू नका," म्हणाली, "तिथे रातकिडे राहतात.
अकरा वर्षं तोफखान्यात होते.
सरकारने रातकिड्यांचे दहा टक्के धरले,
तेवढ्यावर कर्जाचं शुल्क माफ झालं.
आगाऊ रक्कम शून्य, शुल्क शून्य,
कान एक."
हसावं की नाही कळेना, म्हणून मी भिंत मोजली.

कुंपणापलीकडे ओढा आहे, उन्हाळ्यात नावापुरता.
तिकडे हनुवटी करून ती म्हणाली,
"खापरपणजीचा तळ इथेच कुठेतरी पडायचा.
मग आम्हा कोमांचींना माणशी एकशेसाठ एकर वाटले
आणि उरलं ते जास्तीचं ठरलं.
एकोणीसशे एक साली त्याची सोडत काढली. पेटीत पाकिटं, पाकिटांत नावं.
आता तेच सरकार मला जामीन आहे.
मी घेतेय पन्नास फूट रुंद."
रागाने नाही सांगितलं.
दुकानातून निघताना मोड मोजून घ्यावी, तसं सांगितलं.

माझे वडील भूमापन खात्यात साखळी ओढायचे.
म्हणायचे, साखळीला माणूस दिसत नाही,
दिसायला लागला की मोजणी चुकते.
मी त्यांचा मुलगा.
आकडा ठरल्या किमतीपेक्षा साडेचार हजारांनी कमी आला.

नियमाप्रमाणे आधी कळवलं:
आसपासची दुसरी विक्री माहीत असेल तर दोन दिवसांत दाखवा.
तिने एकच पाठवली. मावशीचं घर, दोन गल्ल्या सोडून,
तेच साल, तेच कातडं, मार्चमध्ये विकलेलं.
माझ्या यादीत ते नव्हतं. असायला हवं होतं.
रात्री अकरा वाजता आकडा तीन हजारांनी वर सरकवला.
उरलेले दीड हजार तिने आणि विकणाऱ्याने कसे मिटवले
ते मला कुणी सांगितलं नाही.

अहवालात एक चौकट असते:
या मालमत्तेचे पूर्वीचे व्यवहार.
विचारतात मागच्या तीन वर्षांचे.
"व्यवहार नाही," मी लिहिलं, आणि ते खरं होतं.
बोट मात्र जरा वेळ तिथेच राहिलं,
चौकट लांबते का बघत.

पंधरा दिवसांनी फेरतपासणी.
पोपडे खरवडलेले, बंबाला नळी,
मागे कोऱ्या पाइनचा कठडा, अजून डिंक सुटणारा.
फोर्ट सिलवर सराव चालू होता,
दर धमाक्याला खिडक्यांच्या काचा दात वाजवत होत्या.
ती तिसऱ्या पायरीवर उभी,
कठडा धरून हलवून बघत होती.
मी फोटोला फोन वर केला.
"हात काढा जरा," म्हणालो, "फोटोत माणूस चालत नाही."

हात निघाला नाही.
मी डाव्या कानाशी बोललो होतो.