एकोणसाठचा बोर्केते, सत्याऐंशीचा ओडार्ते

बुकोममध्ये, ओब्लितेच्या न्हावीदुकानात
दर शनिवारी एक मेलेला माणूस
एका जिवंत माणसाशी लढतो.

मी फरशीवरचे केस झाडतो.
बाहेर मासे धुरावर लागलेले, अक्राचा समुद्र
खारट फुंकर घालून आरसा मळवतो,
आणि ओब्लिते वस्तरा हवेत धरून म्हणतो,
"पहिल्या तीन फेऱ्या बोर्केतेच्या. लिहून ठेवा."
खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा अर्धा गाल
तसाच फेसात.

न्यी आर्मानं बंदरावर तीस वर्षं
कोकोच्या पोत्यांचा हिशेब ठेवला.
त्याला वजन लागतं, तारीख लागते, सही लागते.
"बोर्केतेचे मोजे सहा औंसांचे, आत घोड्याचे केस.
चौथ्या फेरीत केस कडेला सरायचे
आणि मध्ये उरायची नुसती मूठ.
ओडार्तेचे आठाचे, फोमचे.
आता बोला, दोघांना कुठले घालू?"

कुणी म्हणतं, ज्याचे त्याला.
कुणी म्हणतं, नाणं उडवा.

"आणि त्याच्या काळी पंधरा फेऱ्या, याच्या काळी बारा.
उरलेल्या तीन फेऱ्या
बोर्केतेनं काय वाऱ्याशी लढायचं?"

"लढेल की," ओब्लिते म्हणतो. "जिंकेलही."

त्यानं बोर्केतेला पाहिलंय
सहाव्या वर्षी, बापाच्या खांद्यावरून.
पुढच्या माणसाची टोपी एवढी उंच
की दिसला तो फक्त डावा हात, वर जाताना.
खाली कुणावर पडला ते
लोकांच्या ओरडण्यावरून कळलं.
त्या एका हाताच्या भरवशावर
हा साठ वर्षं भांडतोय.

ओडार्तेची टेप आहे. झिजलेली, पण आहे.
सातव्या फेरीत, ऐन रंगात,
पडद्यावर एकदम कुणाचं तरी लग्न सुरू होतं,
नवरी लाजते, काकू नाचतात,
आणि परत येईतो दहावी फेरी आणि
ओडार्तेची भुवई फुटलेली.

"वजनाचं बोल," न्यी आर्मा वही उघडतो.
"बोर्केतेला सकाळी तोलायचे, संध्याकाळी लढवायचे.
वाळूवर गोणपाट पांघरून पळायचा,
थुंकून थुंकून शेवटचे दोन औंस उतरवायचा.
ओडार्तेला मधली एक अख्खी रात्र मिळाली.
ही रात्र कुणाच्या खात्यात घालू?"

यावर मात्र कुणी नाणं काढलं नाही.

हे सगळं चालतं तेव्हा
दाराशेजारच्या बाकावर अता ओडार्ते बसलेले असतात.
त्यांची डेडे बाजाराला जाताना सोडून जाते.
मांडीवर टॉवेल, तोंड किंचित उघडं,
आपलं नाव आलं की मान वळते,
मग पुन्हा रस्त्यावरच्या बकऱ्यांकडे.
कधी कधी ते बोर्केतेच्या बाजूनं टाळी वाजवतात.
तेव्हा ओब्लितेलाही
जिंकल्यासारखं वाटत नाही.

गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं, स्पष्ट,
"किती फेऱ्या?"

वस्तरा थांबला. माझा झाडूही.
न्यी आर्मानं घसा साफ केला,
आणि जन्मात पहिल्यांदा
वहीत न बघता आकडा सांगितला,
"पंधरा, अता."

"मग आधी खाऊन घेतो."

डेडेनं मक्याच्या पानातला केंके सोडला,
वर तळलेला मासा, कडेला शितो.
उजवा हात थरथरत होता, तो त्यांनी मांडीखाली दाबला.
डाव्यानं काटा काढला, एकच, अख्खा, मधला,
शेपटीपासून डोक्यापर्यंत,
आणि बाकाच्या कडेला आडवा ठेवला.
ओब्लिते तो डावा हात बघत राहिला.
मध्ये कुणाची टोपी नव्हती.

अर्धा केंके झाल्यावर ते थांबले.
दाराकडे बघत म्हणाले,
"तो, बोर्केते.
तो जेवला का?"

न्यी आर्मानं पानं उलटली.
मागं गेला, आणखी मागं.