बहात्तर साल वजा करून

निपाणीत तंबाखूच्या वखारीवर
दुसऱ्या मजल्याला आमचं हृदय तपासायचं केंद्र.
खालचा जर्दा जिन्यानं वर येतो, पेशंट शिंकत येतात,
म्हणून पहिली पाच मिनिटं
मी कुणाचाच ग्राफ काढत नाही.

आज पहिला नंबर जिनगोंडा मगदूम, मुक्काम भोज,
वय शहाऐंशी. लाल गाडीनं एकटेच आलेले.
सदरा काढून आडवे झाले,
बरगड्यांवर कातडी
दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखी.
जेल लावली तर म्हणाले, थंड आहे की गं हे.
सहा चकत्या छातीला, चार चिमटे हातापायांना.
कागद सरकायला लागला
आणि मी चष्मा पुसून परत बघितलं.
इतकं स्वच्छ अक्षर
चाळिशीतल्या माणसांचंही येत नाही हल्ली.

काय खाता हो अण्णा?
काय खात नाही ते विचार.

अष्टमी, चतुर्दशी. महिन्याचे चार.
इतर दिवशी दिवस बुडायच्या आत अंथऊ,
पाणी उकळून, गाळून.
बाविसाव्या वर्षी बस्तीत नेम घेतला,
अजून चालू आहे.

फॉर्मच्या पाठीवर मी हिशेब मांडला:
चौसष्ट वर्षं, वर्षाचे अठ्ठेचाळीस,
तीन हजार बहात्तर दिवस.
म्हणजे आठ वर्षं नि पाच महिने
हा माणूस जेवलेलाच नाही.
पिग्मीवाल्याकडं रोज दहा-दहा रुपये टाकावेत
तशी ही वर्षं
आत कुठं जमा झाली असतील काय?

डॉक्टर म्हणतात, असेल.
साखर उतरते, रक्ताचा दाब उतरतो, नसा मोकळ्या राहतात.
पण हा माणूस विडी ओढत नाही,
नवाला झोपतो, रोज नदीपर्यंत चालत जातो.
एकट्या उपवासाचं नाव कसं घेऊ?

अण्णा छतावरच्या पंख्याकडं बघत होते.
चंपाक्का माझ्या पाठची.
नेम आम्ही एकाच दिवशी घेतला.
एक्कावन्नाव्या वर्षी गेली,
जात्यावर बसलेली, दळण अर्धं.
तिचा एकबी चुकला नव्हता. माझेच चुकलेत.

कधी?

बहात्तर साली. वर्षभर मोजलो नाही.
चूल रोज पेटायची नाही घरात.
ते उपवास नव्हं. ते वजा कर.

मी वजा केले. अठ्ठेचाळीस.
आकडा खोडला, नवा लिहिला,
आणि फॉर्ममधला रकाना
पहिल्यांदा नीट वाचला:
आठवड्यातून किती वेळा जेवण टाळता?

दुसरा नंबर हजराबी मुल्ला, वय बावन्न, विड्या वळते.
तिला हाच प्रश्न विचारला.
रोजे तीस, म्हणाली.
बाकीचे तूच मोज.
पानं भिजकी आली की ठेकेदार पाचशे विड्या फेकून देतो,
त्या दिवशी पोरं जेवतात.

तिचा कागद सगळा थरथरलेला.
मावशी, बोटं हलवू नका.
हलवत नाही गं, म्हणाली,
आणि अंगठा तर्जनीवर
फिरतच होता,
नसलेलं पान वळत.
तीनदा काढला ग्राफ. तिसऱ्यांदा मी तिचा हात
हातात धरून ठेवला.

रकान्यात काय भरायचं?
बेळगावच्या कॉलेजातून फॉर्म आलेत, कन्नडात छापलेले,
मी मराठीत विचारते, ती दखनीत उत्तर देते,
आणि भूक लिहायला
चौकोन एकच.

बाराच्या गाडीला वेळ होता म्हणून अण्णा बाकावर बसूनच होते.
मी खालून तीन चहा मागवले.
आज अष्टमी, ते म्हणाले, आणि कप
बाकावरून हळूच पुढं सरकवला.
हजराबीनं आपला संपवला.
मग थोडं थांबून
तोही उचलला.