वरच्या खिळ्यापासून हातभर

यॉर्कटनला ऑक्टोबर संपताना
जमीन वरून कडक, आत अजून ओली.
टेकला ओनिश्चुक बाईंच्या तळघरात
बीटाच्या बरण्या, मुलाची हॉकीची काठी,
आणि मधोमध नवी भट्टी,
अंगावरचं प्लास्टिक न काढता
पाहुण्यासारखी अवघडून उभी.

जुनी सकाळीच गेली. तिघांनी उचलली.
तिच्या धुराड्यात हात घातला
तर निघाली एक साळुंकी,
वाळून पानाइतकी हलकी झालेली.
डार्सीने ती हातमोज्यात धरली,
काही न बोलता मागच्या दारी पुरून आला,
आणि म्हणाला, चल, कापायला घे.

नव्या भट्टीला धुराडं लागत नाही.
हिचा धूर इतका निवलेला
की वर चढायचंच विसरतो.
त्याला पंख्याने ढकलत न्यायचं
पांढऱ्या नळीतून, भिंतीपार.
दुसरी नळी आत येणारी,
कारण ज्योतीला हवा लागते तिची स्वतःची;
घरातली, कोबीच्या वासाची, उसनी चालत नाही.

मी दुसऱ्या वर्षाची शिकाऊ.
कापते, कडा कानसते, भुगा फुंकते,
आधी सगळं कोरडंच जुळवून पाहते.
उतार भट्टीकडे, फुटाला पाव इंच,
कारण जाळातून पाणी निघतं.
हे मला पटायला एक अख्खा हिवाळा लागला.
नळीला मध्येच पोट सुटलं
तर पाणी तिथेच बसतं,
आणि भट्टी रात्रभर गुळण्या करते.

जांभळा प्राइमर, त्यावर डिंक,
पाव फेरा फिरवून घट्ट धरायचं.
डार्सी तेव्हा युक्रेनियनमध्ये मोजतो.
आजोळची भाषा त्याच्याकडे एवढीच उरली आहे:
तीसपर्यंत.
तिसऱ्या जोडाला मी कोपर उलटं बसवलं
आणि त्याचे आकडे संपेपर्यंत
मला कळलंच नाही.
तो ओरडला नाही. करवत पुढे केली फक्त.
ते वाया गेलेलं कोपर माझ्या खिशात आहे,
वाकलं की मांडीला टोचतं.

मग बाहेर.
पुस्तक सांगतं, नळीचं तोंड
अपेक्षित बर्फाच्या वर फूटभर असावं.
अपेक्षित म्हणजे किती, ते पुस्तकाला काय ठाऊक.
बाईंना विचारलं.
त्या सपातांवरच निघाल्या, उत्तरेच्या भिंतीपाशी नेलं.
फळ्यांवर खिळे, दहा-बारा, गंजलेले,
कुठे गुडघ्याशी, कुठे कमरेशी.
"मेट्रो ठोकायचा. बर्फ जिथवर चढेल तिथे,
दर हिवाळ्याला एक."
सगळे सरळ, तोलून मारलेले.
सर्वांत वरचा तेवढा वाकडा,
भोवती हातोडीच्या चुकलेल्या खुणा.
"तो माझा," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीचा."

डार्सीने टोपी मागे सारली, टेप काढली,
आणि माप त्या वाकड्यापासून घेतलं.
फुटाचं काम होतं, त्याने हातभर धरलं.

दोन्ही नळ्या भिंतीला धरून वर नेल्या.
आत ओढणारीचं तोंड खाली वळवलं,
बाहेर सोडणारीचं त्याहून वर, लांब,
नाहीतर भट्टी आपलाच उसासा पुन्हा गिळते.
पट्ट्या आवळल्या. भोकाभोवती लांबी भरली.
माझी बोटं जांभळी, जणू जांभळं खाल्लेली.

साडेचारला अंधारू लागलं
तेव्हा भट्टी पेटवली.
आधी पंखा, मग टिकटिक, मग एक हुं.
कान लावून बसलो. गुळण्या नाहीत.
निचऱ्याच्या नळीत पहिला थेंब आला
आणि मी उगाचच हसले.

बाई पुन्हा बाहेर. स्टुलावर चढल्या,
आम्ही नको नको म्हणेपर्यंत.
वाफेपुढे तळहात धरून
बराच वेळ उभ्या राहिल्या.
"कोमट आहे," त्या म्हणाल्या, तक्रारीच्या सुरात.
"हो," डार्सी म्हणाला, "बाकीची ऊब आत ठेवलीय."

त्यांनी हात लगेच काढला नाही.
मी स्टूल धरून होते.
खिशातलं कोपर टोचत होतं.