वार

भिशी दहा तारखेला असते.
नवऱ्यांचा पगार खिशातून सुटायच्या आत गाठायचा असतो.
वही माझ्याकडे:
कांदा-बटाटा मार्केटातल्या शेठनं दिलेली डायरी,
मागच्या सालची, त्यामुळे वार जुळत नाहीत.
चौदा बायका, दोन-दोन हजार,
चिठ्ठ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
कितीही धुतली तरी ज्याचा नंबर लागतो
त्याच्या नावाला हिंगाचा वास येतो.

ती कोपरखैरण्यात, आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं आली,
घाना देशातून,
लेकाच्या काळजाला भोक होतं म्हणून.
विमानानं आली, म्हणजे असेल मोठ्या घरची,
असं आम्ही धरून चाललो.
मग एकदा दार उघडं होतं
आणि ती तांदूळ मुठीनं मोजताना दिसली.
एक मूठ टाकली. अर्धी परत काढली.

रेवूबाई म्हात्रे गावठाणातून येते.
जिन्यातच तिनं नाक वर केलं,
"सुकं म्हावरं! ही तं आपलीच हाय."

नाव अराबा.
मंगळवारी जन्मली की पोरीला तिकडे अराबा म्हणतात.
म्हणजे मंगलच की, फुलाबाई म्हणाली.
पोरगा क्वेकू, बुधवारचा.
म्हणजे बुधा.
अराबाचं दोन दिवसांत राबा झालं,
आणि तेही काही चुकीचं नव्हतं.

पैसे ऑपरेशनला पुरले.
नंतर ताप चढला, त्या अकरा दिवसांना पुरले नाहीत.
वर्गणी काढू म्हणालो, शंभर-शंभर, गणपतीला काढतो तशी.
माझ्या ऋतिकानं शाळेतल्या इंग्रजीत तिला सांगितलं.
तिनं मान हलवली. नको.
मग माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणाली,
"सुसू."

पोरं खो-खो हसत सुटली.
आम्ही तोंडाला पदर लावले.
तिनं मात्र पर्समधून निळं कार्ड काढलं,
एकतीस चौकोन, काहींत फुल्या.
तिकडच्या बाजारात रोज एक माणूस फिरतो,
थोडं थोडं घेतो, फुली मारतो.
बायकांचा गट वेगळा,
पाळीपाळीनं सगळं एकीच्या हातात.
ती सांगत राहिली आणि आमचं हसू उतरत गेलं.
आमचीच भिशी,
समुद्रापलीकडे लुगडं बदलून बसलेली.

तिला दान नको होतं. नंबर हवा होता.

त्या महिन्याची चिठ्ठी मालनची निघालेली.
मालनला कवळी बसवायची होती.
"तीन वर्षं भाकरी कुस्करून खातेय,
अजून कुस्करीन," म्हणाली,
आणि दारापाशी जाऊन उगाच चपला सरळ करत बसली.
मी पंधरावं नाव लिहिलं.
तीस हजार.

ती गेली. बुधा विमानतळावर चालत गेला, स्वतःच्या पायांनी.
चार हप्ते आले, वाशीतल्या एका पोराच्या हातून.
पाचवा नाही.
सहावा नाही.
जमीला म्हणाली, असेल काही अडचण.
फुलाबाई म्हणाली, अडचण इथंही आहे.
मालन काही बोलली नाही,
मला तेच जास्त लागलं.
दोन महिने मी माझ्या पदरचे टाकले
आणि वहीत खोटी टिक मारली.

काल दार वाजलं.
अनोळखी बाई, पाठीला बांधलेलं मूल,
ओठ निळसर. मुलाचे.
हातात पाकीट.
त्यात राहिलेले सगळे हप्ते, पुढचेसुद्धा,
आणि ते निळं कार्ड.
ऋतिकानं विचारून विचारून काढलं:
राबा आजारी होती, अजून उठलेली नाही.
तिच्या गटानं भरले.
मागच्या बाजूला अकरा बायकांची नावं,
एकाच हातानं लिहिलेली.
लिहिणारी तिकडेही एकच असते वाटतं.

मी खोट्या टिका खोडल्या.
बाई अजून उंबऱ्यातच उभी होती.
तिला आत घेतलं, पाणी दिलं,
वहीचं नवं पान काढलं
आणि ऋतिकाला म्हटलं,
विचार हिला,
वार कोणता?