बिल्ड चालू आहे

त्रिमूर्ती नगरात, कूलरच्या दुकानावरचा माळा.
आम्ही तिघं: मी, संघदीप, आणि कुंभारेंची रुणाली
जिच्या पगाराला आम्ही अजून स्टायपेंड म्हणतो.
कळमन्याच्या मिरची अडत्यांसाठी ॲप.
इकडे स्क्रीन, तिकडे सर्व्हर,
मधे काटा, पोती, हमाली, तोलाई.
एकाच कोडचे दोन संसार.

बिल्डला लागतात चार मिनिटं अकरा सेकंद.

कॉन्फिगची फाईल आठशे ओळींची.
लिहिली निखाडेनं, जो आता हिंजवडीत असतो
आणि फोन उचलत नाही.
ओळ तीनशे बारावर त्याची एवढीच टीप:
‘इथं हात लावू नका. काहून ते विचारू नका.’
नाही लावला. तीन वर्षं नाही लावला.
देव्हाऱ्यात एखादा टाक असतो,
कुठल्या देवाचा ते घरात कुणाला ठाऊक नसतं,
पण घासून पुसून परत तिथंच ठेवतात, तसं.

रुणाली म्हणाली, “ताई, वेबपॅक सोडा, व्हीट घेऊन टाका ना.
फ्रेंचमध्ये त्याचा अर्थच लवकर.”
“लवकर तर उन्हाळाही येते इथं,” संघदीप.

मग फळ्यावर रकाने पाडले.
वेग. प्लगिन. चूक झाली तर नेमकी ओळ दाखवतं का.
दोन वर्षांनी जिवंत असेल का.
हा शेवटचा रकाना कुणालाच भरता येईना.

मी रुणालीला सांगितलं:
जुनं आधी अख्खी पंगत वाढतं,
मीठ, लिंबू, कोशिंबीर, सगळी पानं,
मगच पहिला घास.
नवं विचारतं, कोण बसलंय? त्याचंच पान वाढतं.
“मग चांगलंच आहे की.”
हो. पण गिऱ्हाइकाकडे पाठवताना
त्यालाही शेवटी पंगतच मांडावी लागते.

शनिवारी करून पाहिलं.
बाहेर सेहेचाळीस, लाईट दोनदा गेली.
नऊ सेकंद.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
संघदीप अर्धा उठला होता खुर्चीतून,
सवयीनं, चार मिनिटं आहेत म्हणून.
तसाच परत बसला.

त्या चार मिनिटांतच त्यानं सांगितलं होतं मला
बाबांच्या डोळ्याचं, मग दुसऱ्या डोळ्याचं,
उमरेड रोडच्या प्लॉटचं, आणि एकदा,
बिल्ड नव्वद टक्क्यांवर अडकलेलं असताना,
ती मुलगी नाही म्हणाली ते.
हे फळ्यावरच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

नंतर सर्व्हर कोसळला.
लाल अक्षरांत एकच तक्रार: विंडो नाही.
बरोबरच आहे. विंडो ब्राउझरची.
सर्व्हर बिनखिडकीच्या खोलीत राहतो.
आमच्याही माळ्याला एकच खिडकी,
तीही कूलरनं अडवलेली.
रात्री साडेअकराला रुणालीनं शोधलं,
काट्याचं ते जुनं पॅकेज
जिकडे नाही तिकडे खिडकी मागतं,
आणि ओळ तीनशे बारा
त्याला सर्व्हरच्या उंबऱ्यावरच अडवून ठेवायची.
तीन वर्षं. मुकाट्यानं.
मी निखाडेला मेसेज केला, ‘समजलं.’
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

नवं घेतलं. वेगासाठी नाही खरं तर.
रुणालीनं कॉन्फिग एक्केचाळीस ओळींत बसवलं
आणि प्रत्येक काहूनच्या पुढे
मराठीत कारण लिहिलं, म्हणून.
तीही जाईल एक दिवस पुण्याला.
स्टायपेंडवर कोण थांबतं?

खाली ढोबळे मिस्त्री कूलरचा जुना वाळा काढून
नवा भरून राहिलेत. ओला वास जिन्यातून वर येतो.
सोमवारी पहाटे पाचला पहिलं पोतं काट्यावर चढेल,
आणि तोलारी बटण दाबेल
आमच्यातल्या कुणाचंही नाव माहीत नसताना.

संघदीप म्हणतो, “चहा?”
बिल्ड केव्हाच झालंय.
मी म्हणते, थांब, चालू आहे अजून.