रु

उदगीरला, चौबाऱ्याजवळच्या भिंतीवर
कय्यूम पेंटरनं निळ्या रंगात लिहिलं :
हलगे घड्याळ दुरूस्ती.

मन्मथअप्पा चिडले. "रु ऱ्हस्व असतो रे!"
"मालूम हाय अप्पा. ऱ्हाऊ द्या तसाच."

दुसऱ्याच दिवशी कोटलवार गुरुजी आले
चूक सांगायला. टेकले.
मनगटावरचं बंद पडलेलं आठवलं.
मग तलाठी. मग कन्याशाळेतल्या
दोन बाई : एक पट्टा, एक सेल.
दुरुस्त करायला येत राहिलं गाव,
करून घेऊन जात राहिलं.

आता फ्लेक्स आहे. बिनचूक.
कोपऱ्यात अप्पांचा हसरा फोटो.
कोटलवार गुरुजी थांबतात,
दोनदा वाचतात,
काहीच न सापडून
चालू लागतात स्टँडकडे,
मोबाईलमध्ये किती वाजले बघत.