उजेडाचा पीळ

सागरमाळावर वारा सुटला की
विभागाच्या तिसऱ्या खिडकीची काच थरथरते
आणि माझा डोळा भिंगावरून हलतो.
म्हणून वाचनं घेते रात्री, वारा पडल्यावर.
सोडियमच्या दिव्याला तापायला वीस मिनिटं लागतात,
आधी गुलाबी, मग एकदम हळदीसारखा पिवळा.
तोवर रस गाळायचा, नळीत भरायचा,
बुडबुडा राहिला तर पुन्हा भरायचा.

चौथं वर्ष.
नोंदणीच्या अर्जावर लिहिलं होतं:
तोडलेल्या उसातील इन्व्हर्टेजचे शुद्धीकरण व गतिशास्त्र.
मामाला सांगितलं, ऊस तोडून पडला की
त्याच्यातलंच एक विकर त्याची साखर फोडतं, ते बघतेय.
बाबगोंडामामा, वडणग्याच्या गुऱ्हाळावर चाळीस हंगामांचा गुळव्या,
म्हणाला, "शिळ्या उसाचा गूळ बसत न्हाई,
ह्येच शिकाय चार वर्सं?"

तेव्हा हसले होते.
मे महिन्यात एका शनिवारी रात्री वीज गेली.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
सोमवारी चौगुल्यांनी फ्रीजर उघडला
आणि काही न बोलता खुर्ची माझ्याकडं सरकवली.
सत्तेचाळीस कुप्या.
प्रथिन दिसायला तसंच होतं, पाण्यासारखं,
फक्त त्याची घडी मोडली होती.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
इथं सुंभ शाबूत होता
आणि पीळ तेवढा गेला होता.

हेरवाडकर मॅडम म्हणाल्या, "पुन्हा कर."
एवढंच. मग त्यांनी चहा मागवला,
आणि कप तसाच ठेवून
बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या.
त्यांचाही असा एखादा सोमवार असणार.

नोव्हेंबरात बर्फाचा डबा मांडीवर घेऊन
केएमटीनं वडणग्याला गेले, ताज्या रसाला.
चुलवाणात चिपाडं ढकलणारा पोरगा, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी,
काहिलीवर फुटणारे पिवळे डोळे.
मी थर्मामीटर बुडवला. आकडा चढत होता, एकशे सोळा, एकशे सतरा
तोवर मामानं ओल्या बोटांत पाक धरला,
गोळी वळली, पत्र्यावर मारली.
टण्ण.
"उतरवा!"
काहील उचलली गेल्यावर माझ्या पडद्यावर एकशे अठरा आलं.

त्याचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही.
बोटांवरच्या रेषा पाकानं कधीच पुसल्या.
त्याच बोटांनी मला गरम गुळाचा खडा देत त्यानं विचारलं,
"आणि तू कशानं वळखतीस?"

सांगितलं. साखरेतून उजेड गेला की
त्याची पातळी उजवीकडं वळते;
साखर फुटली, की डावीकडं.
मामा वाफेत उभा, फडका खांद्यावर,
"उजेडाला बी पीळ असतो व्हय?"
असं म्हणून त्यानं छपराच्या भोकातून आलेल्या
उन्हाच्या काठीत हात घातला,
बोटं चोळून बघितली,
गोळी वळते का.

आज रात्री नवीन विकर घातलंय, पहिल्या कुपीतलं.
दहादहा मिनिटांनी चकती फिरवते
दोन्ही अर्धुकं सारखी अंधुक होईपर्यंत.
अधिक सतरा. अधिक बारा. अधिक सात.
चौगुले जाताना थर्मासमध्ये चहा ठेवून गेले, तो गार.
खाली हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची गाणी, एकमेकांत घुसलेली.

दोन चाळीसला शून्य.
ना उजवा, ना डावा.
यंत्राला विचाराल तर नळीत नुसतं पाणी आहे.
आणि नळी तर साखरेनं भरलेली,
अर्धी फुटलेली, अर्धी फुटायची राहिलेली,
दोन्हींचे पीळ एकमेकांना धरून उभे.

मे महिन्यापासून मला कुणी विचारलं, कसं चाललंय,
तर मी हेच वाचन सांगत होते.

प्रयोगशाळेत चाखायची परवानगी नाही.
वहीत वेळ लिहिली, ०.० लिहिलं,
शेऱ्याच्या रकान्यात पेन जरा थांबलं.
मग दोन पन्नास झाले,
आणि चकती डावीकडं फिरवावी लागली.